एकच एल, तीन पेले

आपल्या ईस्ट इंडियन घरांत उन्हाळ्यात मसाला कुटून झाला, की तो गडद तपकिरी काचेच्या रिकाम्या बिअरच्या बाटल्यांत ठासून भरून ठेवण्याची रीत आहे. त्या रीतीवरूनच त्याला ‘बाटली मसाला’ हे नाव मिळाले. उजेड लागला की मसाल्याचा रंग उडतो आणि वासही जातो, हे आपल्या आजीला कोणत्याही शास्त्राच्या पुस्तकावाचून ठाऊक होते. बिअर तपकिरी काचेत भरण्याचे कारणही तेच. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलोऱ्यातील द्रव्यांवर प्रकाश पडला, की ती बिघडतात आणि पेयाला उग्र दुर्गंध येतो. भांडे हे केवळ साठवणीचे साधन नसते, आतल्या वस्तूचा गुण राखणे किंवा घालवणे त्याच्या हाती असते, हा धडा त्या बाटलीने आपल्या स्वयंपाकघरात आणून ठेवला आहे.

हाच धडा आम्हांस पुन्हा एकदा मिळाला तो परदेशात. काही वर्षांपूर्वी इंग्लंडमधील स्टॅफर्डशर परगण्यात उन्हाळ्याचे काही आठवडे बदली धर्मगुरू म्हणून राहण्याचा योग आला. मिस्सेला नेमाने येणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी सारी हयात पबच्या तळघरांची देखभाल करण्यात घालवली होती. एका संध्याकाळी ते आम्हांस बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावी घेऊन गेले. परिसरातील एका लहान मद्यशाळेची पेल एल, म्हणजे फिकट सोनेरी रंगाची बिअर, त्यांनी तीन पेल्यांत मागवली. प्रत्येक पेला पाइंटच्या एकतृतीयांशाचा. एक बाटलीतून ओतलेला, दुसरा पिंपातून हातपंपाने ओढलेला आणि तिसरा केग नावाच्या दाबाच्या धातुपात्रातून तोटीने काढलेला. ‘तिन्ही एकाच काहिलीतील आहेत. चव घ्या आणि मग सांगा,’ एवढेच ते म्हणाले.

दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आम्ही धर्मग्रामसेवेत पुष्कळ पाहिली आहेत. त्यामुळे हा विषय हाती घेताना मनात संकोच होता. परंतु त्या तीन पेल्यांत मठ, व्यापार, विज्ञान आणि लोकचळवळ यांचा इतका इतिहास साठलेला होता, की तो वाचकांपुढे ठेवणे उचित वाटले.

प्रथम बर्टनविषयी. इ. स. १००४ च्या सुमारास वुल्फ्रिक स्पॉट या सॅक्सन सरदाराच्या देणगीतून ट्रेंट नदीच्या काठी बेनेडिक्टाइन मठ उभा राहिला. संत बेनेडिक्ट यांच्या नियमग्रंथाचे चाळिसावे प्रकरण पेयाच्या प्रमाणाविषयी आहे. मठवासीयाला दिवसाला ठरावीक माप द्राक्षारस पुरेसा आहे, स्थळ, श्रम आणि उष्मा पाहून वरिष्ठाने ते वाढवावे, मात्र अतिरेकाला वाव देऊ नये, असा त्याचा आशय आहे. जेथे द्राक्षे पिकत नाहीत त्या उत्तरेकडील देशांत द्राक्षारसाची जागा जवाच्या एलने घेतली. बर्टनच्या मठवासीयांनी गाळलेली एल नावाजलेली होती. त्या कीर्तीचे एक रहस्य जमिनीखाली होते. तेथील विहिरींच्या पाण्यात जिप्समचा अंश विपुल आहे, आणि त्या पाण्यामुळे हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ व ठसठशीत उतरतो. अर्थात मठाच्या आरंभीच्या शतकांतील एलमध्ये हॉप्स नव्हतेच. हॉप्सच्या कडवटपणाने पेय टिकते, हे बाराव्या शतकात जर्मनीतील संत हिल्डेगार्ड यांनी नोंदवून ठेवले होते. इंग्लंडमध्ये त्यांचा प्रसार मात्र पंधराव्या शतकापासून झाला. राजा आठवा हेन्री याच्या कारकीर्दीत, १५३९ मध्ये, बर्टनचा मठ बंद पडला. मठवासी गेले, पाणी मागे राहिले.

पेल एलच्या रंगाचे श्रेय कोळशाला द्यावे लागते. मोड आणलेले जव पूर्वी लाकडाच्या जाळावर भाजत, त्यामुळे ते काळपट व धुरकट होत. सतराव्या शतकात बर्टनशेजारच्या डर्बीशर परगण्यात कोक, म्हणजे भाजून निर्धूर केलेला दगडी कोळसा, वापरात आला. आच ताब्यात आली, आणि माल्ट फिकट राहिला.

आता पहिला पेला, बाटलीचा. त्या गृहस्थांनी बाटली तिरपी धरून, तळाचा गाळ हलू न देता, एका धारेत ती ओतली. तो गाळ म्हणजे जिवंत यीस्ट. बाटलीत बूच लावल्यावरही ते मंदपणे काम करीत राहते आणि आपल्याच वायूने पेय ताजे राखते. चव तीक्ष्ण होती, बुडबुडे चपळ, शेवट कोरडा.

ही बाटली आपल्या मुंबईस परिचित होती. लंडनमधील जॉर्ज हॉजसन यांची बो येथील मद्यशाळा ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जेथे लागत त्या ब्लॅकवॉल बंदराच्या जवळच होती. जहाजांचे कप्तान खासगी व्यापारासाठी तेथून दीर्घ मुदतीच्या उधारीवर बिअर उचलीत. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून, चार ते सहा महिन्यांनी ती मुंबई, मद्रास, कलकत्ता येथे उतरे. हिंदुस्थानातील उष्म्यात टिकावी म्हणून हॉजसन यांनी ही बिअर नव्याने शोधून काढली, अशी कथा रूढ आहे. ती खरी मानता येत नाही. उष्ण देशांस पाठवावयाच्या बिअरमध्ये हॉप्स अधिक घालावेत, हे अठराव्या शतकातील मद्यकारांना ठाऊकच होते, आणि काळीभोर पोर्टर बिअरही त्याच जहाजांतून येथे येत होती. गोरे शिपाई मुख्यतः पोर्टर पीत. पेल एल अधिकाऱ्यांच्या व व्यापाऱ्यांच्या मेजावर असे. मात्र संथ प्रवासात, डोलणाऱ्या जहाजात ती पिकत गेली आणि उतरली तेव्हा रुचकर लागली, एवढे खरे.

१८२२ च्या सुमारास कंपनीच्या एका संचालकाने बर्टनच्या सॅम्युअल ऑलसॉप यांस या व्यापारात उतरण्यास सुचवले. त्यांच्या मद्यकाराने पहिला नमुना चहाच्या किटलीत तयार केला, असे सांगतात. बर्टनच्या पाण्याने हॉजसनवर मात केली. त्या काळी येथे बर्फ नव्हता. साहेबांच्या घरी पेये थंड करण्यासाठी ‘आबदार’ नावाचा स्वतंत्र नोकर असे. सोरा पाण्यात विरघळला की पाणी गार पडते. त्या पाण्यात तो बाटल्या फिरवीत बसे. १८३४ च्या सुमारास अमेरिकेहून बर्फाची जहाजे मुंबईस येऊ लागली आणि आबदाराची विद्या हळूहळू लोपली. म्हणजे एकाच बाटलीतील बिअर लंडनमध्ये तळघराच्या थंडाव्यात, आणि मुंबईत सोऱ्याच्या गारव्यात प्यायली जाई. चव एकच कशी असेल?

दुसरा पेला पिंपातील. तो पिताना आम्ही क्षणभर थबकलो. बुडबुडे जवळजवळ नव्हते, गारवाही बेताचाच होता. परंतु जिभेवर माल्टचा गोडवा, मागोमाग फळांचा मंद वास आणि शेवटी कडवटपणा असा एकेक पदर उलगडत गेला. या पद्धतीत बिअर पिंपात भरली तरी तिचे आंबणे थांबलेले नसते. तळघरात सुमारे १२ अंश सेल्सियसला पिंप आडवे ठेवतात, लाकडी खुंटी ठोकून जादा वायू सोडतात, आणि गाळ खाली बसावा म्हणून माशाच्या वाताशयापासून केलेला सरस घालतात. आपल्या कोळीवाड्यांत ज्याला भोत म्हणतात, तोच हा अवयव. मग जोसेफ ब्रामा यांनी १७९७ मध्ये ज्याच्या सुधारणेचे पेटंट घेतले त्या हातपंपाने बिअर वर ओढतात. उत्तर इंग्लंडमध्ये पंपाच्या तोंडाला बारीक छिद्रांची चकती लावतात, त्यामुळे दाट फेस येतो. दक्षिणेत ती लावणे अनेकांना खपत नाही. एवढ्याशा चकतीनेही स्वाद पालटतो.

१८३९ मध्ये बर्टनला रेल्वे आली आणि ही एल देशभर पोहोचली. १८४५ मध्ये काचेवरील जकात उठली. धातूच्या मगांच्या जागी स्वस्त काचपेले आले आणि पिणाऱ्याला आपण काय पितो हे प्रथमच नीट दिसू लागले. सोनेरी, नितळ पेल एलच्या लोकप्रियतेला याचा मोठा हातभार लागला. १८७७ पर्यंत बर्टनची बास मद्यशाळा जगातील सर्वांत मोठी ठरली होती. तिचा लाल त्रिकोण ही ब्रिटनमधील नोंदणी झालेली पहिली व्यापारमुद्रा, दिनांक १ जानेवारी १८७६. चित्रकार माने यांच्या १८८२ मधील पॅरिसच्या पानगृहाच्या चित्रातही त्या बाटल्या दिसतात.

परंतु पिंपातील बिअर फार मानी असते. एकदा पिंप फोडले, की हवा आत शिरते आणि तीनेक दिवसांत ते संपवावे लागते, नाहीतर ती आंबट होते. ‘पिंप शुक्रवारी उघडायचे ते रविवारी रात्री रिकामे होईल या भरवशावर,’ आमचे यजमान म्हणाले. म्हणजे तिला जाणता तळघरवाला हवा, तसाच माणसांचा मेळाही हवा. एकट्यासाठी पिंप उघडता येत नाही.

तिसरा पेला या अडचणीवर काढलेल्या उपायाचा. लुई पाश्चर यांचा बिअरवरील ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पेय कशामुळे नासते हे मद्यकारांना उमगले. पुढे विसाव्या शतकात, विशेषतः १९३० नंतर, बिअर गाळून, तापवून, यीस्ट मारून केगमध्ये भरावी आणि कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने ती वर चढवावी, अशी पद्धत आली. ती आठवडेच्या आठवडे टिकते, कोणीही तोटी फिरवू शकतो. १९६० च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी हीच पद्धत सर्वत्र रुजवली, आणि पिंपे व त्यांना सांभाळणारी माणसे अडगळीत जाऊ लागली.

१९७१ मध्ये आयर्लंडमध्ये सुट्टीवर गेलेल्या चार इंग्रज तरुणांनी याविरुद्ध एक संघटना काढली. तीच पुढे ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’, अर्थात कॅमरा, या नावाने प्रसिद्ध झाली. ज्या पात्रातून वाढायची त्यातच आंबणे पूर्ण होऊन बाहेरच्या वायूविना वाढली जाणारी, तीच खरी एल, अशी त्यांची व्याख्या. चार माणसांच्या हट्टाला पुढे लाखाहून अधिक सभासद मिळाले आणि लहान मद्यशाळा पुन्हा उभ्या राहू लागल्या.

आता केगवर सरसकट आरोप करणे न्यायाचे होणार नाही. आमच्या तिसऱ्या पेल्यात संत्र्याच्या सालीसारखा हॉप्सचा ताजा सुवास होता, तो इतर दोहोंत इतका स्पष्ट नव्हता. आजच्या अनेक लहान मद्यशाळा केगमध्ये भरतानाही बिअर तापवीत नाहीत. पण पेला इतका गार होता, की पहिले दोन घोट जीभ बधिर झाली. जरा वेळाने ऊब लागल्यावर स्वाद उघडला. यजमान हसले. ‘ही वाईट नाही,’ ते म्हणाले, ‘फक्त हिला माझी गरज नाही.’

त्या वाक्यात एका कारागिराचे दुःख होते. बर्टनमध्ये ‘युनियन’ नावाची एक जुनी पद्धत होती. ओळीने जोडलेल्या ओक लाकडाच्या पिंपांत एल आंबवायची, यीस्ट वर उसळून पन्हळीत यायचे आणि एल नितळ व्हायची. १८३८ मध्ये तिचे पेटंट घेतले गेले. मार्स्टन्स ही ती मोठ्या प्रमाणावर चालवणारी अखेरची मद्यशाळा. २०२४ मध्ये तिनेही ती थांबवली. त्याच वर्षी डर्बीशरमधील बेकवेल येथील थॉर्नब्रिज या लहान मद्यशाळेने त्यातील एक संच आपल्याकडे नेऊन चालू केला. योगायोग असा, की थॉर्नब्रिजच्या सर्वांत प्रसिद्ध पेल एलचे नाव ‘जयपूर’ आहे.

सोय वाढली की वस्तू टिकते, पण तिच्याभोवतीची माणसे गळून पडतात, हे त्या तीन पेल्यांनी आम्हांस दाखवले. जी बिअर तीन दिवसांत संपवावी लागे, ती सर्वांनी मिळून प्यावी लागे, आणि मिळून पिणाऱ्यांची एकमेकांच्या मापावर नजर असे. जी कधीच नासत नाही ती एकट्याला, केव्हाही, कितीही घेता येते. आमच्या धर्मग्रामसेवेत जी घरे मोडलेली पाहिली, तेथे पिणारा बहुधा एकटाच पीत होता.

तीन पेले मिळून एक पाइंट झाला. यजमानांनी रिकामे पेले स्वतः उचलून नेऊन ठेवले. चौथा त्यांनी मागवला नाही, आणि आम्हीही नाही.