न विचारता मध्ये आलेला प्रॉक्सी

वेबचा पहिला प्रॉक्सी लपूनछपून काम करत नव्हता. मे १९९४ मध्ये जिनिव्हात भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय वेब परिषदेत आरी लुओटोनेन आणि केव्हिन आल्टिस यांनी त्यावर निबंध मांडला. फायरवॉलच्या आतल्यांना बाहेरचे वेब पाहता यावे आणि एकदा आणलेले पान साठवून पुढच्या मागणाऱ्याला तिथूनच द्यावे, हे त्याचे काम. त्याचा पत्ता मात्र वापरणाऱ्याच्या ब्राउझरला आधी सांगावा लागे. पुढे सेवा कंपन्यांनी हे सांगणेच वगळले. या तंत्राचे सगळे दुखणे तिथून सुरू झाले, असे माझे मत आहे.

वगळण्यामागे वाईट हेतू नव्हता. बँडविड्थ महाग होती, १९९६ मध्ये आलेला स्क्विड हा प्रॉक्सी साठवणीचे काम चोख करत होता, पण हजारो ग्राहकांकडून सेटिंग बदलून घेणार कोण? मग राउटरलाच कामाला लावले. ब्राउझर एखाद्या सर्व्हरच्या ८० क्रमांकाच्या पोर्टकडे पॅकेट पाठवतो. वाटेतला राउटर ते उचलून प्रॉक्सीच्या, बहुधा ३१२८ क्रमांकाच्या, पोर्टवर वळवतो. प्रॉक्सी उत्तर देतो ते मूळ सर्व्हरच्या पत्त्याने, त्यामुळे ब्राउझरला शंकाही येत नाही. पण प्रॉक्सीशी बोलतोय हे ठाऊक असलेला ब्राउझर पूर्ण पत्ता मागतो, नसलेला फक्त साइटच्या आतला मार्ग. मग साइट कोणती, हे मधल्याने ओळखायचे कसे? जानेवारी १९९७ च्या एचटीटीपी १.१ ने होस्ट हे शीर्ष सक्तीचे केले आणि त्याची सोय झाली. त्याच शीर्षावर आंधळा भरवसा ठेवणाऱ्या प्रॉक्सींना फसवून आतल्या जाळ्यापर्यंत पोचता येते, असा इशारा अमेरिकेच्या सर्ट या संगणक-सुरक्षा संस्थेने २००९ मध्ये दिला.

यावर कोणी म्हणेल, पान लवकर मिळाले, पैसे वाचले, मग तक्रार कसली? बचत खरी होती. पण ती पत्ता सांगून नेमलेल्या प्रॉक्सीनेही होत होती, आणि ब्राउझरला तो पत्ता आपोआप पुरवणारी सेटिंगची फाइल नेटस्केपने तेव्हाच आणली होती. न विचारता मध्ये येण्याची मुभा एकदा मिळाली, की ती साठवणीपुरती राहत नाही. डिसेंबर २००८ मध्ये ब्रिटनमध्ये एका जुन्या अल्बमच्या मुखपृष्ठावरून विकिपीडियाचे एक पान प्रतिबंधित यादीत गेले. ते एक पान अडवण्यासाठी अनेक कंपन्यांनी विकिपीडियाकडे जाणारी सगळी वाहतूक गाळणी लावलेल्या प्रॉक्सींतून वळवली. विकिपीडियाला असंख्य ब्रिटिश वाचक मोजक्याच आयपी पत्त्यांवरून येताना दिसू लागले. खोडसाळ कोण नि सज्जन कोण हे कळेना, आणि त्या पत्त्यांवरून निनावी संपादन बंद करावे लागले. चार दिवसांनी पान यादीतून काढले गेले. अमेरिकेत व्हेरायझनने तर ग्राहकांच्या विनंत्यांमध्ये वाटेतच ओळखखूण घुसवली. त्याबद्दल २०१६ मध्ये साडेतेरा लाख डॉलरचा दंड भरला.

एचटीटीपीएस सर्वत्र पसरल्यावर हे तंत्र लुळे पडले. पॅकेट आजही वळवता येते, पण मधल्याकडे साइटचे प्रमाणपत्र नसल्याने ब्राउझर इशारा देतो. अपवाद अशा यंत्रांचा, ज्यांत संस्थेने स्वतःचे मूळ प्रमाणपत्र बसवलेले असते. कार्यालयाच्या संगणकावर बँकेची साइट उघडलीत, तर प्रमाणपत्र कोणी दिले आहे ते जरूर पाहा. तिथे तुमच्याच कंपनीचे नाव असेल, तर मध्ये प्रॉक्सी आहे आणि तो सगळे वाचू शकतो.