१५ हजारात 'आय७' मिळतोय? कमी बजेटमध्ये पीसी असेंबल करताना नेमकं काय बघायचं

रील्स स्क्रोल करता करता एक जाहिरात हमखास समोर येते. काचेचं कॅबिनेट, आत रंगीबेरंगी लाइट मारणारे फॅन आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'कोअर आय७, १६ जीबी रॅम, फक्त १५ हजार'. इकडे घरात कुणाचं तरी इंजिनिअरिंगला नाहीतर बीसीएला ॲडमिशन झालेलं असतं. घरच्यांनी काटकसर करून पैसे बाजूला काढलेले असतात. आय३, आय५, आय७ यात सात सगळ्यात मोठा, एवढं सगळ्यांनाच माहीत असतं. मग काय, ऑर्डर जाते.

पीसी येतो, चालूही होतो. पण कॉलेजने सांगितलेलं जड सॉफ्टवेअर उघडलं की तो रडायला लागतो.

यात विकणारा खोटं बोललेला नसतो. प्रोसेसर खरंच आय७ असतो. फक्त तो २०१२ चा असतो.

कमी बजेटमधले पीसी बहुतेकदा असेच फसतात. जाहिरातीत जे लिहिलंय त्यामुळे नाही, तर जे लिहिलेलं नाही त्यामुळे. त्यामुळे पार्ट घेताना कुठे काय विचारायचं, ते एकेक करून बघू.

प्रोसेसर : नाव नको, नंबर विचारा

आय३, आय५, आय७ ही नुसती गटांची नावं आहेत. खरी ओळख पुढच्या नंबरात असते. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरचा नंबर चार आकडी असेल तर पहिला आकडा म्हणजे जनरेशन, पाच आकडी असेल तर पहिले दोन. म्हणजे आय७-३७७० हा तिसऱ्या जनरेशनचा आणि आय३-१२१०० हा बाराव्या जनरेशनचा.

आता या दोघांचीच तुलना करा. ३७७० आला २०१२ मध्ये, १२१०० आला २०२२ मध्ये. दोघांनाही ४ कोअर आणि ८ थ्रेड. पण मधल्या दहा वर्षांत एकेका कोअरचा वेग एवढा वाढला की नवा आय३ जुन्या आय७ ला आरामात मागे टाकतो. शिवाय ३७७० ला जुनी डीडीआर३ रॅम लागते आणि तो विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. विंडोज १० चा नियमित सपोर्ट तर १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.

सेकंडहँडच घ्यायचा असेल तर निदान आठव्या जनरेशनचा बघा. कंपन्यांच्या ऑफिसमधून निघालेले आय५-८५०० वाले पीसी बाजारात येतात. हा २०१८ चा, ६ कोअरचा प्रोसेसर आहे आणि त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. पण अशा ब्रँडेड ऑफिस पीसीमध्ये मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय बऱ्याचदा कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात. पुढे पार्ट बदलताना त्याची अडचण होते.

शेवटचं अक्षर सोडू नका

आय३-१२१०० आणि आय३-१२१००एफ. फरक एका अक्षराचा, पण 'एफ' असेल तर आत ग्राफिक्स नसतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलं नाही तर मॉनिटरवर काहीच दिसणार नाही. एफ वाला थोडा स्वस्त मिळतो, म्हणून अनेक जण इथे चुकतात.

एएमडीकडे जुन्या एएम४ सॉकेटवर याच्या उलट आहे. तिथे रायझन ५ ५६०० ला ग्राफिक्स नाही, पण ५६००जी ला आहे.

मग घ्यायचा कुठला? कामावरून ठरवा.

- अभ्यास, ऑफिस, कोडिंग : आय३-१२१०० सारखा प्रोसेसर पुरतो.
- रील्स आणि यूट्यूबचं एडिटिंग : इंटेलचा एफ नसलेला घ्या. त्यातल्या ग्राफिक्समध्ये 'क्विक सिंक' असतं, त्यामुळे व्हिडिओ एक्स्पोर्ट लवकर होतो.
- कार्ड न घेता हलकं गेमिंग : रायझन ५ ५६००जी. व्हॅलोरंटसारखे गेम यावर चालतात. नवे जड गेम मात्र विसरा.
- जड गेमिंग : एफ वाला प्रोसेसर आणि वेगळं कार्ड. इथे बजेटचा सगळ्यात मोठा वाटा कार्डलाच द्यावा लागतो.

मदरबोर्ड : पुढची पाच वर्षं इथे ठरतात

प्रोसेसर आणि बोर्डचं सॉकेट जुळलंच पाहिजे. इंटेलच्या १२, १३ आणि १४ व्या जनरेशनला एलजीए१७०० सॉकेट लागतं. म्हणजे आज आय३ घेतला तर पुढे त्याच बोर्डवर आय५ बसवता येतो, फक्त बायोस अपडेट लागू शकतं.

एएमडीचं एएम४ स्वस्त आहे, पण आता मागे पडलंय. २०२२ मध्ये आलेलं एएम५ महाग आहे, त्यावर डीडीआर५ रॅमच चालते, पण त्याला पुढे नवे प्रोसेसर मिळत राहणार आहेत.

बोर्ड घेताना दोन गोष्टी मोजा. रॅमचे किमान दोन स्लॉट आणि एसएसडीसाठी एक एम डॉट टू स्लॉट.

रॅम : एक काठी की दोन?

१६ जीबीची एक स्टिक घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन लावा. दोन असल्या की बोर्ड ड्युअल चॅनेलमध्ये चालतो. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतं. त्यामुळे ५६००जी सारख्या प्रोसेसरवर हा फरक गेम खेळताना सरळ दिसतो.

डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या स्लॉटमध्ये बसत नाहीत. एलजीए१७०० चे बोर्ड दोन्ही प्रकारचे मिळतात, म्हणून बोर्ड ठरला की मगच रॅम घ्या. २०२५ च्या शेवटी एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव जोरात चढले, त्यामुळे जुन्या व्हिडिओतल्या किमती धरून बजेट काढू नका. पैसे कमीच पडत असतील तर सध्या ८ जीबीची एक घ्या आणि दुसरा स्लॉट मोकळा ठेवा.

स्टोरेज : हार्ड डिस्कवर विंडोज टाकू नका

हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते २०० एमबी वाचते. साटा एसएसडी ५५० च्या आसपास जाते आणि जेन३ एनव्हीएमई एसएसडी ३,५०० पर्यंत. साटावरून एनव्हीएमईवर गेल्याचा फरक रोजच्या वापरात थोडाच कळतो, पण हार्ड डिस्कवरून एसएसडीवर गेल्याचा कुणालाही कळेल. ५१२ जीबी एसएसडीपासून सुरुवात करा. फोटो-व्हिडिओ साठवायला जुनी हार्ड डिस्क घरात असेल तर ती सोबत जोडा.

एसएमपीएस : इथे कंजूषी नको

पैसे संपत आले की सगळ्यात आधी कात्री लागते ती पॉवर सप्लायला, म्हणजे एसएमपीएसला. कॅबिनेटसोबत फुकट येणारा '४५० वॅट' वाला चालवून घेऊ, असं ठरतं. पण स्टिकरवरचे वॅट आणि तो खरंच देऊ शकतो ते वॅट यात बराच फरक असू शकतो. त्यात आपल्याकडे लाइट जाते-येते, व्होल्टेज वर-खाली होतं. हलक्या एसएमपीएसने जीव सोडला तर जाताना बोर्डही घेऊन जाऊ शकतो.

ग्राफिक्स कार्ड नसलेल्या अशा पीसीला फुल लोडवरही १५० वॅट पुरतात. त्यामुळे मोठ्या आकड्याच्या मागे लागू नका. ओळखीच्या ब्रँडचा, '८० प्लस' मार्क असलेला ४५० वॅटचा पुरेसा आहे. हा मार्क किती वीज वाया जाते त्याचा असतो, सुरक्षेची गॅरंटी नाही, म्हणून वॉरंटी किती वर्षांची तेही विचारा. सोबत ६०० व्हीएचा यूपीएस आणि घरात नीट अर्थिंग असेल तर उत्तम.

कॅबिनेट सगळ्यात शेवटी

आपल्याकडे या डब्यालाच सीपीयू म्हणतात आणि पैसेही तसेच घालतात. समोरून हवा आत जाईल अशी जाळी आणि एक-दोन फॅन असले की झालं. लाइटवाले फॅन वर्षभराने लावले तरी चालतात, एसएमपीएसचं तसं नसतं.

बिल घेताना

मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा, नाहीतर ऑनलाइन मागवा, जीएसटीचं पक्कं बिल घ्या. त्यावर प्रत्येक पार्टचा पूर्ण मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर हवा. नुसतं 'आय७ पीसी १ नग' असं बिल वॉरंटीच्या वेळी कामाला येत नाही. इंटेल आणि एएमडीच्या बॉक्स पॅक प्रोसेसरला ३ वर्षांची वॉरंटी असते. बॉक्सशिवाय सुटा मिळणारा 'ट्रे' प्रोसेसर स्वस्त असतो, पण त्याची जबाबदारी कोण घेणार हे आधीच लिहून घ्या.

पीसी तयार असेल तर पैसे देण्याआधी चालू करायला सांगा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि मग अबाउट उघडा. प्रोसेसरचा पूर्ण नंबर तिथेच दिसतो. तो बिलावरच्या नंबराशी जुळला तरच गाडीत टाका.