कृश देहाचे चित्र

रोगाला नाव मिळते तेव्हा त्या नावाबरोबर रोग्याचे एक चित्रही तयार होते. साहित्याच्या अभ्यासकांना हा प्रकार अपरिचित नाही. एखाद्या पात्राचे पहिले वर्णन प्रभावी ठरले, की पुढचे लेखक माणसाकडे पाहण्याऐवजी त्या वर्णनाकडेच पाहू लागतात. सीलिअ‍ॅक या आजाराचा इतिहास आम्हांला याच दृष्टीने वाचावासा वाटतो. वजन घटवण्यासाठी केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेच्या इतिहासाशेजारी तो ठेवला, म्हणजे या चित्राची मर्यादा स्पष्ट दिसू लागते.

सीलिअ‍ॅकमध्ये गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते. अस्तरावरचे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे झिजतात आणि अन्नरसाचे शोषण नीट होत नाही. उपचार एकच, आणि तो जन्मभराचा: ग्लुटेन पूर्णपणे वर्ज्य करणे. 'कोइलिया' म्हणजे पोट, या ग्रीक शब्दावरून रोगाचे नाव आले. कॅपाडोशियाचा अरेटिअस हा प्राचीन ग्रीक वैद्य. अन्न न पचता बाहेर पडते आणि देह झिजत जातो, अशा एका दीर्घकालीन विकाराचे वर्णन त्याने करून ठेवले होते. फ्रान्सिस अ‍ॅडम्स यांनी १८५६ मध्ये त्याच्या ग्रंथांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले.

त्यानंतर तीन दशकांनी, १८८७ मध्ये, सॅम्युएल गी यांनी लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील बालरुग्णालयात या विकारावर व्याख्यान दिले. १८८८ मध्ये ते छापले गेले. फिकट चेहरा, काटकुळे हातपाय, फुगलेले पोट असे मूल त्या निबंधातून डोळ्यांपुढे उभे राहते. रुग्ण बरा होणार असेल तर तो आहारानेच होईल, हेही गी यांनी ओळखले होते. एका मुलाला रोज उत्तम डच शिंपल्यांचे मांस देताच ते सुधारले आणि शिंपल्यांचा हंगाम सरताच पुन्हा खालावले, अशी हकिगत ते सांगतात. पिठूळ पदार्थ कमी द्यावेत, असा त्यांचा सल्ला होता. तरी पातळ कापून दोन्ही बाजूंनी नीट भाजलेला पाव मात्र त्यांनी चालवून घेतला. अपराधी ताटातच होता, पण तो ओळखू आला नाही.

तो ओळखला नेदरलँड्सच्या विलेम डिके यांनी. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन ताब्यातील डच शहरांत अन्नान्नदशा झाली. पाव मिळेनासा झाला आणि सीलिअ‍ॅकची मुले मात्र सुधारली, ही कथा प्रसिद्ध आहे. वस्तुतः डिके यांचा गव्हावरचा संशय युद्धापूर्वीचा. दुष्काळाने त्याला बळ दिले एवढेच. १९५० मध्ये त्यांनी उट्रेख्त विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात तो सप्रमाण मांडला. कारण सापडले, पथ्य ठरले. चित्र मात्र तेच राहिले. सीलिअ‍ॅक म्हटले की कृश मूल.

नेमक्या याच दशकात अमेरिकेत दुसरी कथा सुरू झाली. १९५४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील क्रेमेन, लिनर आणि नेल्सन यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळून अन्नाला जवळची वाट करून देण्याची शस्त्रक्रिया मांडली. अन्न शोषले जाऊ नये, हाच हेतू. पुढे ती अनेकांवर झाली. वजने उतरली; पण अतिसार, मूतखडे आणि यकृताचे गंभीर विकार मागे लागले आणि ती सोडून द्यावी लागली. आयोवा विद्यापीठाच्या एडवर्ड मेसन यांचे निरीक्षण निराळे होते. व्रणासाठी जठराचा भाग काढलेल्या स्त्रियांचे वजन सहसा वाढत नाही, हे त्यांनी पाहिले. त्यावरून त्यांनी चिकाशी इटो यांच्यासह १९६६ मध्ये गॅस्ट्रिक बायपास योजला. आज रूढ असलेल्या बायपासमध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. लहान आतड्याचा आरंभीचा भाग अन्नाच्या वाटेवरून दूर होतो.

या भागाला आपल्याकडे 'ग्रहणी' हा जुना शब्द आहे. चरकसंहितेत ग्रहणी हे अन्न धरून ठेवणारे, अग्नीचे अधिष्ठान असलेले स्थान. आणि ते बिघडले की होणारा रोगही ग्रहणीच. मराठीतली 'संग्रहणी' याच कुळातली. प्राचीनांना सीलिअ‍ॅक ठाऊक होता, असा दावा आम्ही करणार नाही. पण 'ग्रहण करणारी' हे नाव अन्वर्थक आहे: लोहाचे शोषण मुख्यतः तेथेच होते. एका आजारात हा भाग झिजतो. एका शस्त्रक्रियेत तो बुद्ध्याच बाजूला ठेवला जातो. दोन्हींकडे लोह, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे यांची उणीव पाठीस लागते.

मग एकाच देहात या दोन्ही कथा आल्या तर? जुन्या चित्राप्रमाणे ते घडूच नये. सीलिअ‍ॅकचा रुग्ण आणि स्थूल, हा वदतोव्याघात! परंतु उत्तर आयर्लंडमधील ३७१ रुग्णांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निदानाच्या वेळी ३९ टक्के रुग्णांचे वजन प्रमाणाबाहेर होते आणि १३ टक्के स्थूल होते. प्रमाणापेक्षा कमी वजनाचे केवळ ५ टक्के. ग्लुटेन सोडल्यावर आतडे भरून येते, शोषण सुधारते आणि अनेकांचे वजन आणखी वाढते. पथ्य कसोशीने पाळणारा रुग्ण शस्त्रक्रियेच्या दारापर्यंत पोचू शकतो, तो असा.

त्याचे पुढचे जगणे दुहेरी हिशोबाचे असते. पिशवीएवढ्या जठरात घासभर अन्न मावते. त्यातला प्रत्येक घास सकस हवा आणि ग्लुटेनमुक्तही. ज्वारी-बाजरीची भाकरी, तांदूळ, डाळी, दही, अंडी ही मराठी स्वयंपाकघरातली सोबत येथे कामी येते. पण त्याच स्वयंपाकघरातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते. शक्तिवर्धक पेयांतला माल्ट जवाचा असतो. जन्मभर घ्यायच्या गोळ्यांतला स्टार्च कोणत्या धान्याचा, हेही विचारावे लागते. खोकल्यावरचे बाटलीतले औषध घेतानासुद्धा आधी लेबल वाचणे आले.

ज्यांचे निदान झालेलेच नाही, त्यांची गोष्ट अधिक चिंतेची. बायपासनंतर रक्तक्षय झाला, तर तो शस्त्रक्रियेचा ठरलेला परिणाम मानला जातो. कारण मिळाले की शोध थांबतो. शस्त्रक्रियेनंतरच सीलिअ‍ॅक उघडकीस आल्याची रुग्णवृत्ते वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. तोपर्यंत ग्रहणी नेहमीच्या दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर गेलेली असते. तेथला तुकडा काढून तपासणे कठीण होते. रुग्ण गहू फारसा खात नसेल, तर रक्ततपासणीही फसवू शकते. आधीच निदान झालेल्या रुग्णासाठी अनेक शल्यविशारद आतड्याची वाट न बदलणारी, केवळ जठर अरुंद करणारी स्लीव्ह शस्त्रक्रिया पसंत करतात. कोणती शस्त्रक्रिया योग्य, हे ज्याने त्याने आपल्या वैद्याशीच ठरवावे. पण शस्त्रक्रियेपूर्वी, रुग्ण गहू खात असतानाच, रक्तातील प्रतिपिंडांची साधी तपासणी झाली, तर पुढचे बरेच अंधारातले चाचपडणे टळू शकते.

ती तपासणी करण्याचे सुचायला मात्र समोरच्या स्थूल माणसात सीलिअ‍ॅकचा रुग्ण दिसावा लागतो. गी यांचा निबंध पुन्हा वाचताना आम्हांला एक गोष्ट खटकली. हा विकार सर्व वयांच्या माणसांत आढळतो, असे ते आरंभीच म्हणतात. लहान मुलांत तो अधिक, हे त्यानंतर येते. वाचकांनी मूल लक्षात ठेवले आणि पहिला अर्धा भाग सोडून दिला. झिजलेल्या देहाचे वर्णन मात्र गी यांचेच होते आणि त्या वर्णनात स्थूल माणसाला जागा नव्हती. एक चूक वाचकांची, दुसरी उणीव संहितेची. या दोहोंचा भार आजही कुणी तरी आपल्या रक्तात लोह कमी का, हे न कळता वाहत असते.