हिरव्या पडद्यावरची ऐंशी घरं

१९९७ च्या हिवाळ्यात न्यू जर्सीतल्या एका विमा कंपनीत मी पहिल्यांदा मेनफ्रेमवर काम करायला बसलो. मेनफ्रेम होता दुसऱ्याच इमारतीत. माझ्यापुढे होतं काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटवणारं, आयबीएमच्या ३२७० जातीचं टर्मिनल. मुंबईत कोबोल शिकलो होतो, पण पीसीवर. सवयीने एक कमांड टाइप केली आणि मोठं एंटर दाबलं. कर्सर खालच्या ओळीवर गेला, बाकी काही नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. शेजारी बसणारे, माझ्याआधी दहा वर्षं इथे आलेले एक मराठी गृहस्थ हसून म्हणाले, "अरे, ते नुसतं पुढच्या ओळीवर नेतं. खरं एंटर खाली आहे, स्पेसबारच्या उजवीकडे."

दोन वेगळी बटणं का, याचं उत्तर त्या यंत्राच्या इतिहासात आहे. ३२७० टर्मिनल १९७१ साली बाजारात आली. तेव्हा एकाच मेनफ्रेमवर शेकडो माणसं काम करत. प्रत्येकाच्या प्रत्येक अक्षरासाठी मेनफ्रेमने हातातलं काम थांबवायचं म्हटलं, तर त्याला दुसरं काही करताच आलं नसतं. म्हणून अक्षरं टर्मिनलच्याच मेमरीत साठत. तुम्ही लिहा, खोडा, दुरुस्त करा, मेनफ्रेमला पत्ताही नसे. एंटर दाबलं की फक्त बदललेले रकाने एकदम रवाना होत. बँकेत स्लिप भरून खिडकीत द्यावी, तसंच. उत्तर येईपर्यंत कीबोर्ड बंद आणि पडद्याच्या तळाशी एक्सची खूण. याउलट डेकचं १९७८ चं व्हीटी१०० हे टर्मिनल दाबलेलं प्रत्येक अक्षर लगेच संगणकाकडे धाडत असे. युनिक्सवाल्यांची सवय त्यातून घडली, आम्हा मेनफ्रेमवाल्यांची या स्लिपेतून.

पडद्यावर २४ ओळी, प्रत्येक ओळीत ८० घरं. हा ८० चा आकडा पडद्याहून कितीतरी जुना. आयबीएमने १९२८ साली ८० रकान्यांचं पंच कार्ड आणलं. एक कार्ड म्हणजे एक ओळ. कोबोलमध्ये पहिले सहा रकाने क्रमांकाला, सातवा खुणेला आणि प्रत्यक्ष प्रोग्रॅम आठपासून बहात्तरपर्यंत. क्रमांक अशासाठी, की कार्डांचा गठ्ठा हातातून पडला तर तो पुन्हा लावता यावा. कार्डं गेली, पण पडद्याने त्यांचं माप जपलं.

संपादनासाठी आयएसपीएफ हा प्रोग्रॅम होता. त्यात प्रत्येक ओळीच्या डावीकडे सहा आकडी क्रमांक दिसे आणि हुकूम त्या क्रमांकावरच लिहायचे. डी लिहिलं की ओळ गेली, आर लिहिलं की तिची प्रत झाली. दहा ओळी उचलायच्या तर पहिल्या आणि शेवटच्या ओळीवर सीसी, आणि जिथे टाकायच्या त्याच्या वरच्या ओळीवर ए. मग एकदा एंटर. माउस नाही, पण हात बसला की काम भराभर होई.

खरी गंमत मधे अक्षर घुसवताना होई. इन्सर्ट दाबून टाइप करायला जावं, तर कीबोर्ड अडकून बसे. ओळीचा शेवट तर रिकामा दिसतोय! पण तो रिकामा नसे. तिथे स्पेस भरलेल्या असत आणि टर्मिनलच्या लेखी स्पेस हेसुद्धा अक्षरच. पुढची अक्षरं सरकायला जागा नाही, म्हणून यंत्राचा साफ नकार. मग रीसेट दाबून कीबोर्ड सोडवायचा, ओळीच्या शेवटी जाऊन इरेज ईओएफ दाबायचं म्हणजे स्पेस पुसल्या जात, आणि परत मधे यायचं. 'नल्स ऑन' ही कमांड कळेपर्यंत मी दिवसातून वीसदा हा द्राविडी प्राणायाम केला.

आणि आम्हाला इथे आणलं होतं ते नेमक्या याच दुखण्यासाठी. नाव, पॉलिसी क्रमांक, रक्कम, तारखा, सगळं ८० घरांत बसवायचं असताना १९६५ ऐवजी ६५ लिहिलं की दोन घरं वाचत. पुढे मेमरी आणि डिस्कही महाग, म्हणून तीच काटकसर चालू राहिली. पण २००० साल आलं की ६५ साली जन्मलेल्या माणसाचं वय शून्य वजा पासष्ट. दोन आकडे मधे घुसवायचे, तर पुढचा प्रत्येक रकाना सरकणार आणि ती फाइल वाचणारा प्रत्येक प्रोग्रॅम बदलावा लागणार. मधे जागाच नव्हती.

मी दिवसभर फाइंड कमांड देऊन तारखा शोधायचो. पीएफ-५ दाबलं की पुढची सापडे, पीएफ-८ दाबलं की पुढचं पान. अशा कामाला माणसं पुरेनात, म्हणून १९९८ च्या कायद्याने एच-१बी व्हिसांची वार्षिक मर्यादा ६५ हजारांवरून तात्पुरती १ लाख १५ हजारांवर नेली. आज एडिसनच्या गणेशोत्सवात माझ्या वयाच्या चार माणसांना विचारा, एकजण तरी त्या हिरव्या पडद्यावरून इथे आलेला निघेल.

बऱ्याच ठिकाणी आम्ही रकाना वाढवलाच नाही. तेवढा वेळ नव्हता. त्याऐवजी नियम घातला: वर्ष ५० पेक्षा कमी असेल तर २००० चं शतक धरा, नाहीतर १९०० चं. फाइलला हात लावावा लागला नाही, काम वेळेत झालं आणि ३१ डिसेंबरची रात्र शांतपणे गेली. सगळ्यांनी हातात हात दिले.

ते प्रोग्रॅम अजून चालू असतील, तर २०५० साल त्यांना १९५० वाटेल. सहा महिन्यांचं काम म्हणून आलो होतो, इथेच राहिलो. त्या प्रोग्रॅममधला ५० हा आकडा मी माझ्या हाताने टाइप केला आहे आणि त्यानंतर खालचं, खरं एंटर दाबलं आहे.