दहा वर्षांची मुदत कुणी ठरवली?

“किडनी बदलली तरी दहाच वर्षं टिकते. त्यासाठी आईला कशाला टेबलावर झोपवायचं? डायलिसिस चाललंय ना, चालू दे.” डायलिसिस सेंटरबाहेरच्या बाकड्यांवर आणि नातेवाइकांच्या बैठकीत हे सर्रास बोललं जातं. बोलणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण या एका समजापायी प्रत्यारोपण झेपलं असतं अशी माणसं वर्षानुवर्षं मशीनवर राहतात, आणि निर्णय होईपर्यंत हृदय इतकं थकलेलं असतं की भूलतज्ज्ञच नकार देतात.

हा आकडा हवेतून आलेला नाही, हे आधी मान्य करू. अमेरिकेत १९९५ ते १९९९ या काळात मृत दात्याकडून मिळालेल्या किडनीचं मध्यक आयुष्य ८.२ वर्षं होतं, जिवंत दात्याच्या किडनीचं १२.१ वर्षं. ‘दहा वर्षं’ आली ती बहुधा इथूनच. मात्र त्याच देशात २०१४ ते २०१७ या काळातल्या प्रत्यारोपणांसाठी हे अंदाज ११.७ आणि १९.२ वर्षांवर गेले आहेत. आपल्याकडे बहुतेक प्रत्यारोपणं जिवंत दात्याकडूनच होतात, त्यातही दाता बहुधा आई किंवा बायको. तेव्हा तुलना करायचीच तर ती १९.२ शी करायला हवी. शिवाय मध्यक म्हणजे औषधाच्या पट्टीवर छापलेली मुदत नव्हे. त्या दिवशी निम्म्या किडन्या चालूच असतात, आणि त्यांतल्या कित्येक पुढेही बरीच वर्षं चालतात.

दुसरा युक्तिवाद जास्त अभ्यासू वाटतो. प्रत्यारोपण धडधाकट रुग्णांचंच होतं, म्हणून ते जास्त जगतात. श्रेय किडनीचं नव्हे, निवडीचं. हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याला उत्तरही मिळालेलं आहे. रॉबर्ट वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जी तुलना मांडली, ती डायलिसिसवरच्या सगळ्या रुग्णांशी नव्हती. शस्त्रक्रियेला योग्य ठरून प्रतीक्षायादीत नाव लागलेल्या, पण किडनी न मिळालेल्या रुग्णांशी होती. पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्यारोपण झालेल्यांना मृत्यूचा धोका २.८ पट जास्त निघाला. हे कुणी लपवू नये. घरच्यांना ते आधीच सांगायला हवं. पण दीर्घकाळात त्यांचा मृत्युदर गटागटानुसार ४८ ते ८२ टक्क्यांनी कमी होता. आठवड्यातून तीनदा चार-चार तास चालणारं यंत्र किडनीच्या कामाचा थोडाच भाग उचलतं, त्यामुळे या फरकात नवल काही नाही.

मग किडनी जाते कशाने? ‘झिजते’ हे उत्तर सोयीचं आहे, पण पुरेसं नाही. बोस्टनमध्ये २३ डिसेंबर १९५४ रोजी जोसेफ मरे यांनी रिचर्ड हेरिकच्या पोटात त्याच्या जुळ्या भावाची किडनी बसवली. एकसारखे जुळे, त्यामुळे शरीराने ती नाकारण्याचा प्रश्नच नव्हता. तरी रिचर्ड आठ वर्षांनी गेला. मूळचाच आजार नव्या किडनीत उलटला होता. १९५६ मध्ये मरे यांनीच एडिथ हेल्मला तिच्या जुळ्या बहिणीची किडनी बसवली. तिला १९५८ मध्ये मूल झालं आणि ती २०११ पर्यंत जगली. शल्यविशारद तोच, दाते दोन्हीकडे जुळे, तरी एकाला आठ वर्षं मिळाली आणि दुसरीला पंचावन्न. मुदत किडनीतच ठरलेली असती तर एवढी तफावत पडली नसती.

जुळं भावंड नसलेल्यांचा जीव गोळ्यांवर टांगलेला असतो. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस सकाळी नऊ आणि रात्री नऊ, रोज, आयुष्यभर. रक्तातली पातळी तपासायची तर सकाळची गोळी खिशात ठेवून, न घेता लॅबमध्ये जायचं आणि रक्त दिल्यावर तिथेच ती गिळायची. आधी घेतली तर तपासणी वाया. पातळी घसरली की शरीर किडनीविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू लागतं, चढली की औषधच किडनीला इजा करतं. भाद्रपदात घरोघर येणारं पपनससुद्धा चालत नाही, कारण आतड्यात हे औषध मोडणाऱ्या विकराला ते अडवतं आणि पातळी चढते. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन उलटं करतं, पातळी पाडतं. आपल्याकडे क्षयरोग मुबलक, म्हणून अमेरिकेचे आकडे इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत, हेही खरं. आणि अनेकांची किडनी शेवटपर्यंत उत्तम चालते. माणूस जातो तो हृदयविकाराने, जंतुसंसर्गाने किंवा कर्करोगाने. अशा मृत्यूंची नोंदही बहुतेकदा ‘किडनी गेली’ याच रकान्यात होते.

म्हणून माझं म्हणणं असं, की प्रत्यारोपित किडनीचं आयुष्य गोळ्या, तपासण्या, रक्तदाब, साखर आणि या सगळ्याला लागणारा पैसा यांवर ठरतं. अमेरिकेतच याचा कडू पुरावा आहे. तिथली मेडिकेअर योजना डायलिसिसचा खर्च आयुष्यभर द्यायची, पण पासष्टीच्या आतल्या, इतर अपंगत्व नसलेल्या रुग्णाच्या गोळ्यांचा खर्च प्रत्यारोपणानंतर फक्त ३६ महिने. गोळ्या परवडेनाशा झाल्या की माणूस किडनी गमावून पुन्हा डायलिसिसवर यायचा, आणि तो महागडा खर्च मात्र सरकार मुकाट उचलायचं. कायदा बदलायला २०२० चा डिसेंबर उजाडला. तो लागू झाला १ जानेवारी २०२३ पासून.

आपल्याकडे शस्त्रक्रियेसाठी महात्मा फुले योजना आहे, ट्रस्ट आहेत, गावची वर्गणीही आहे. पाचव्या-सहाव्या वर्षी मात्र मदतीला कुणी उरत नाही, आणि त्याच सुमारास माणूस ‘आता बरं वाटतंय’ म्हणून दोनाची एक गोळी करतो. ज्या जिल्हा रुग्णालयात डायलिसिसची यंत्रं बसली आहेत, तिथेच या गोळ्या मोफत आणि टॅक्रोलिमसची पातळी तपासायची सोय मिळाली पाहिजे. चंद्रपूरच्या किंवा नंदुरबारच्या रुग्णाला त्या एका तपासणीपायी नागपूर-नाशिक गाठावं लागतं, मजुरी बुडते, म्हणून ती पुढे ढकलली जाते. किडनीचा बिघाड दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तोवर बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं.