गेम सर्व्हरसाठी लिनक्स : निवड व अद्ययावतीकरण

अनेकांनी एकत्र खेळायच्या संगणकीय खेळात चित्र प्रत्येकाच्या पडद्यावर उमटते, पण खेळाचा हिशेब एकाच ठिकाणी ठेवावा लागतो : कोण कुठे उभा आहे, गोळी कोणाला लागली, कोणाच्या पेटीत काय उरले. हा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम म्हणजे गेम सर्व्हर. चित्रांशी त्याला देणेघेणे नसते. म्हणून पडदा, माउस, कीबोर्ड यांपैकी काहीच नसलेल्या भाड्याच्या यंत्रावर, लांबून एसएसएचने सांभाळलेल्या लिनक्सवर तो सुखाने चालतो. परवान्याचे पैसे लागत नाहीत, हे आणखी एक कारण. काही खेळांचे सर्व्हर मात्र केवळ विंडोजसाठी काढलेले असतात. व्ही रायझिंग हा खेळ त्यांतला एक. असे सर्व्हर लिनक्सवर वाइन या प्रोग्रॅमच्या मदतीने चालवता येतात, पण बिघडले तर खेळाच्या कर्त्यांकडे दाद मागता येत नाही.

लिनक्सचे कोणते डिस्ट्रो (तयार संच) घ्यावे यावर हौशी मंडळींत वाद फार होतात आणि ते बहुधा भलत्याच मुद्द्यावर होतात : वेगावर. डिस्ट्रो बदलून खेळ जाणवण्याइतका वेगवान होत नाही. माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला हिशेबाच्या २० फेऱ्या (टिक) पूर्ण करू पाहतो, म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात काम उरकले नाही की खेळ अडखळतो. हे काम मुख्यतः एकाच थ्रेडवर चालते, त्यामुळे प्रोसेसरचा एकेक कोर किती वेगवान यावर सारे ठरते. कोर किती आहेत यावर नव्हे. दुसरी गोष्ट अंतराची. फायबरमधून संदेश सेकंदाला सुमारे २ लाख किमी. जातो. मुंबई ते सिंगापूर हे सरळ अंतर सुमारे ३,९०० किमी. आहे, तेव्हा मुंबईच्या खेळाडूला सिंगापूरच्या सर्व्हरवर ३९ मिलिसेकंदांखाली पिंग (संदेशाच्या जाण्यायेण्याचा वेळ) मिळणे निसर्गनियमातच बसत नाही. प्रत्यक्षात ते बरेच अधिक येते.

डिस्ट्रो निवडायचे ते तारखा पाहून. गेम सर्व्हरच्या यंत्रावर दोन पंचांगे एकाच वेळी चालू असतात. खेळाचे पंचांग घाईचे असते. ब्रिटनच्या फेसपंच स्टुडिओजच्या रस्ट या खेळाचे मोठे अपडेट दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, लंडनच्या घड्याळात संध्याकाळी ७ वाजता येते आणि त्याबरोबर सर्व सर्व्हरांवरचा नकाशा पुसला जातो. भारतात तेव्हा रात्रीचे साडेअकरा, आणि ब्रिटनमध्ये हिवाळी वेळ चालू असेल तर साडेबारा वाजलेले असतात. खेळाडूंकडे नवी आवृत्ती आणि सर्व्हरवर जुनी असेल तर जोडणीच होत नाही, म्हणजे हे अपडेट टाळण्याची सोय नाही. प्रणालीचे पंचांग याउलट संथ असते. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते : डेबियन ११ ही ऑगस्ट २०२१ मध्ये आली, डेबियन १२ ही जून २०२३ मध्ये, डेबियन १३ ही ऑगस्ट २०२५ मध्ये. प्रत्येकीला सुमारे तीन वर्षे नेहमीचा व पुढे दोन वर्षे दीर्घ मुदतीचा पाठिंबा मिळतो. उबुंटूची एलटीएस (दीर्घ मुदतीची) आवृत्ती सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे सुरक्षा अपडेट मिळतात. मधल्या आवृत्त्यांची मुदत अवघी नऊ महिने; त्या सर्व्हरवर घालणे म्हणजे दरवर्षी बिऱ्हाड हलवणे.

छापील मुदतीवर डोळे मिटून विसंबताही येत नाही. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत पाठिंबा मिळेल, या हिशेबाने अनेकांनी ते घातले होते. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने ते २०२१ अखेर संपवण्याचे जाहीर केले. अल्मालिनक्स व रॉकी लिनक्स ही डिस्ट्रो त्या धक्क्यातून जन्मली. दोन्ही चांगली आहेत. तरी गेम सर्व्हरच्या बहुतेक सूचना डेबियन आणि उबुंटू गृहीत धरून लिहिलेल्या असतात, आणि रात्री साडेबाराला सर्व्हर उठत नसेल तेव्हा आपल्याच प्रणालीवर कोणीतरी हीच चूक आधी केलेली असणे, हा गुण लहान नाही. आर्चसारखी सतत सरकती डिस्ट्रो घरच्या संगणकावर मौजेची. सर्व्हरवर ती प्रणालीलाही खेळाइतकीच घाई लावते.

ही दोन पंचांगे एकमेकांना अडवतात ती जीलिबसी या लायब्ररीपाशी. लिनक्सवरचा जवळपास प्रत्येक प्रोग्रॅम तिच्यावर उभा असतो. डेबियन ११ मध्ये तिची २.३१ ही आवृत्ती आहे, १२ मध्ये २.३६, १३ मध्ये २.४१. खेळाच्या कर्त्यांनी नव्या आवृत्तीवर बांधलेला सर्व्हर जुन्या प्रणालीवर ‘अमुक आवृत्ती सापडली नाही’ एवढेच सांगून बंद पडतो. अशा वेळी इंटरनेटवरून नवी जीलिबसी उतरवून जुन्या प्रणालीत कोंबण्याचा मोह होतो. तसे केल्यास साधी फायलींची यादी दाखवणारी आज्ञाही चालेनाशी होऊ शकते. उलट दिशेनेही घोडे अडते : स्टॅकवरून कोड चालवण्याची मुभा मागणारी लायब्ररी प्रोग्रॅम सुरू झाल्यावर जोडून घ्यायला २.४१ नकार देते, आणि जुन्या घडणीच्या काही खेळांना नेमकी तीच मुभा हवी असते. म्हणून सर्वांत नवे ते सर्वांत बरे, हा नियम येथे लागू नाही. अल्पाइन लिनक्समध्ये जीलिबसीऐवजी मसल ही लायब्ररी आहे. तयार बांधलेले बहुतेक गेम सर्व्हर तिच्यावर जसेच्या तसे चालत नाहीत.

३२ बिटचे ओझेही अजून उतरलेले नाही. वाल्व्ह या कंपनीच्या खेळांचे व इतरही शेकडो सर्व्हर स्टीमसीएमडी या साधनाने उतरवले जातात आणि ते स्वतः ३२ बिटचे आहे. त्यामुळे ६४ बिटच्या प्रणालीत ३२ बिटच्या मोजक्या लायब्रऱ्या आणून ठेवाव्या लागतात. नवख्यांची पहिली ठेच बहुधा येथेच लागते. जून २०१९ मध्ये उबुंटूने ३२ बिटचे पॅकेज पुढील आवृत्तीपासून बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा वाल्व्हकडून त्या आवृत्तीचा पाठिंबा काढण्याची भाषा झाली आणि काही दिवसांत उबुंटूने निवडक पॅकेज ठेवायचे मान्य केले. डेबियन १३ मध्ये ३२ बिटच्या जुन्या यंत्रांसाठी कर्नल व इन्स्टॉलर राहिलेले नाहीत, पण लायब्रऱ्या टिकून आहेत.

माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीला हा त्रास नाही. तिला जावाचा आहे. १.१७ ला जावा १६ लागू लागले, १.१८ ला १७, तर १.२०.५ ला २१. डेबियन १२ च्या भांडारात जावा १७ पर्यंतच मिळते, त्यामुळे तेथे २१ हे टेम्युरिनसारख्या बाहेरच्या भांडारातून आणावे लागते. एवढ्यासाठी प्रणाली बदलण्याची गरज नाही.

अद्ययावतीकरण : सुरक्षेची छोटी अपडेट रोजच्या रोज आपोआप लागू देणे योग्य. अट एवढीच की त्यानंतर कोणती सेवा कधी रीस्टार्ट होते, हे ठाऊक हवे. नीडरीस्टार्ट हे साधन जुनी लायब्ररी धरून बसलेल्या सेवा शोधून पुन्हा सुरू करते. गेम सर्व्हरही सिस्टमडीची सेवा म्हणून चालत असेल, तर सामना ऐन रंगात असताना तोही रीस्टार्ट होऊ शकतो. त्याला नीडरीस्टार्टच्या यादीतून वगळून रीस्टार्टसाठी पहाटेची वेळ आपण ठरवावी. सर्व्हर रूट वापरकर्त्याखाली चालवू नये हे वेगळे सांगायला नको, पण पुष्कळ जण चालवतात. त्याची जोखीम डिसेंबर २०२१ मध्ये दिसली. लॉग४जे या लायब्ररीतील त्रुटीमुळे माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये एक विशिष्ट ओळ टाइप करून सर्व्हरवर परका कोड चालवता येत होता. ती लायब्ररी खेळाच्या फाइलमध्येच बांधलेली असल्याने प्रणाली कितीही ताजी केली तरी भोक बुजत नव्हते, दुरुस्ती खेळाच्या बाजूनेच करावी लागली, आणि ती १.१८.१ या आवृत्तीत आली.

मोठी उडी, म्हणजे एका आवृत्तीतून दुसरीत जाणे, हा निराळा प्रकार. डेबियनमध्ये मधली आवृत्ती गाळता येत नाही. १० वरून १२ ला जायचे तर ११ मधूनच. ११ मध्ये सुरक्षा भांडाराच्या नावाची घडणच बदलली, त्यामुळे केवळ जुने नाव खोडून नवे लिहिणारे अडकले. १३ मध्ये टेम्प फोल्डर मुळात मेमरीत राहते, म्हणून जगाचा बॅकअप तेथे साठवणाऱ्या स्क्रिप्टा आधी सुधाराव्यात. काम टीमक्सच्या सत्रात करावे, म्हणजे घरचे नेट मध्येच गेले तरी अपग्रेड अर्ध्यावर तुटत नाही. नेटवर्क कार्डचे नाव बदलून यंत्र संपर्काबाहेर गेलेच, तर भाड्याने देणाऱ्या कंपनीचा वेब कन्सोल कामी येतो. चालत्या माइनक्राफ्टच्या जगाची नुसती नक्कल करू नये; आधी आपोआप साठवणे थांबवावे, सारे डिस्कवर लिहून घ्यावे, मग नक्कल काढावी. नव्या आवृत्तीत एकदा उघडलेले जग जुन्या आवृत्तीत धड परतत नाही.

भाड्याचे यंत्र (व्हीपीएस) ओपनव्हीझेडवर असेल तर कर्नल भाड्याने देणाऱ्या कंपनीचे असते आणि ते आपल्याला बदलता येत नाही. केव्हीएमवर ते आपले असते. याही कारणाने जाणती मंडळी जागच्या जागी उडी न मारता दुसरे यंत्र भाड्याने घेतात, त्यावर नवी प्रणाली व खेळ मांडतात, दोन-चार मित्रांना तेथे खेळायला बोलावतात आणि मगच डीएनएसमधला पत्ता फिरवतात. नवा पत्ता लवकर पसरावा म्हणून डीएनएसमधल्या नोंदीची मुदत आदल्या दिवशीच कमी करून ठेवलेली असते. जुने यंत्र भाडे भरलेले आहे तोवर बंद करून राखून ठेवावे : एखाद्या मॉडची सेटिंगची फाइल तेथेच राहून गेलेली असते, आणि ते आठवड्याने कोणीतरी तक्रार केल्यावर कळते.