दगडी शंकूचं कूळ

लंडनच्या केन्सिंग्टनमधलं सेंट सार्किस हे आर्मेनियन चर्च चक्क एका घंटाघरावर बेतलेलं आहे. तेलाच्या धंद्यातली बडी असामी कालूस्त गुलबेंकियन यांनी ते १९२२-२३ मध्ये आईवडिलांच्या स्मरणार्थ बांधून घेतलं. वास्तुविशारद आर्थर डेव्हिस यांनी नमुना उचलला आर्मेनियातल्या हागपातच्या मठातून, तोही तिथलं मुख्य चर्च सोडून १२४५ च्या घंटाघराचा! त्याचा तळ क्रुसाच्या आकाराचा, वर चढताना भिंती अष्टकोनाकडे वळतात आणि माथ्यावर खांबांच्या सज्ज्यावर दगडी शंकू बसतो, उलट्या नरसाळ्यासारखा. लंडनच्या तोकड्या जागेत आर्मेनिया ओळखू यायला तेवढा शंकू पुरेसा होता, असं माझं मत.

पण परदेशातल्या अनेक जुन्या आर्मेनियन चर्चना हा शंकू नाही. इस्फहानच्या न्यू जुल्फातल्या वांक कॅथेड्रलवर सतराव्या शतकातला घुमट आहे तो थेट इराणी मशिदीच्या वळणाचा. सिंगापूरचं १८३५ चं चर्च तर कोलमन या आयरिश वास्तुविशारदानं आखलं. चेन्नई-कोलकात्यातही व्यापाऱ्यांनी आपलेपण जपलं ते समाधीशिळांवरच्या आर्मेनियन अक्षरांत. इमारती स्थानिक रिवाजाच्या.

मग शंकू परदेशी गेला कधी? १९१५ च्या आर्मेनियन नरसंहारानंतर निर्वासितांनी नेला, असं सर्रास सांगतात. मला ते पटत नाही. तेल-उद्योजक मांताशेव यांच्या पैशातून उभं राहिलेलं पॅरिसचं कॅथेड्रल १९०४ चं, आणि त्यावर शंकू आहे. माझ्या मते तो गवंड्यांच्या हातांतून गेला नाही, छापील पानांतून गेला. निकोलाय मार यांनी १८९२ मध्ये आनी या जुन्या, उजाड आर्मेनियन राजधानीत उत्खनन सुरू केलं. ब्रिटिश प्रवासी लिंच यांचा छायाचित्रांनी भरलेला प्रवासग्रंथ १९०१ मध्ये निघाला. पॅरिसच्या वास्तुविशारदानं तो चाळला असावा, असा माझा अंदाज. आर्मेनियन वास्तुविशारद तोरामान्यान यांच्या आराखड्यांवर उभा असलेला कलेतिहासकार स्ट्रिगोव्स्की यांचा ग्रंथ १९१८ मध्ये आला आणि चारच वर्षांनी लंडनचं काम सुरू झालं.

ल्विवचं १३६३ चं आर्मेनियन कॅथेड्रल माझ्याविरुद्ध पुढे करता येईल, कारण त्याचं नातं आनीशी जोडतात. पण ल्विवचा तो धागा जुल्फा-चेन्नईपर्यंत आलाच नाही. उलट न्यूयॉर्कचं सेंट वार्तान पाहा: १९६८ चं कॅथेड्रल, नमुना आर्मेनियातल्या ६१८ च्या ह्रिप्सिमे चर्चचा. मधल्या साडेतेराशे वर्षांत न्यूयॉर्कपर्यंत पोचणारी गवंड्यांची एकही पिढी दाखवता येत नाही. आराखडे मात्र दाखवता येतात.